धुण्याच्या हिशेबाने कपडे, भुकेच्या वेळेने खाऊ

पहिल्यांदाच लांबच्या प्रवासाला निघालेली माणसं हमखास विचारतात, दहा दिवस जायचंय तर किती जोड घेऊ? त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, बरोबर खायला काय काय घेऊ? दोन्ही प्रश्नांत दिवस मोजले जातात आणि तिथूनच बॅग फुगायला लागते. कपडे किती लागणार हे प्रवासाच्या दिवसांवर ठरत नाही, दोन धुण्यांमध्ये किती दिवस जाणार यावर ठरतं. खाऊचंही तसंच आहे. दोन जेवणांमध्ये किती तासांची पोकळी पडणार, यावर त्याचं माप ठरतं. ही दोन अंतरं एकदा कागदावर उतरली की काय विकत आणायचं, काय घरातलंच चालेल आणि काय मुळीच नको, हे बहुतेक आपोआप कळतं.

पुढच्या पायऱ्या आहेत त्याच क्रमाने करा, असा माझा आग्रह आहे. खरेदी त्यात तिसऱ्या पायरीवर येते, आणि ती मुद्दामच तिथे ठेवली आहे.

पहिली पायरी: दोन अंतरं कागदावर मांडा

कोरा कागद घ्या आणि प्रवासाच्या प्रत्येक दिवसाला एक ओळ द्या. रात्री मुक्काम कुठे, आणि तिथे धुतलेला कपडा वाळायला पुरेसा वेळ मिळेल का, एवढंच त्या ओळीत लिहा. एकाच जागी सलग दोन रात्री राहणार असाल तर पहिल्या संध्याकाळी धुतलेलं सगळं निघेपर्यंत वाळतं. रोज मुक्काम हलणार असेल तर धुणं टाळा. ओला कपडा बॅगेत गेला की बाकीच्या कपड्यांनाही कोंदट वास लागतो. धुण्याजोग्या रात्रींवर खूण करा आणि दोन खुणांमधलं सगळ्यात मोठं अंतर मोजा. ते चार दिवसांचं निघालं तर अंगालगतचे कपडे, म्हणजे अंतर्वस्त्रं, मोजे आणि वरचे शर्ट, चार दिवसांचे घ्या आणि वर एक जोड जादा. पँट दोन पुरतात, कारण ती रोज धुवावी लागत नाही. स्वेटर किंवा जॅकेट एकच. प्रवास दहा दिवसांचा असो की तीन आठवड्यांचा, हा आकडा बदलत नाही.

त्याच कागदावर प्रत्यक्ष प्रवासाचे दिवस वेगळे काढा. घरून निघायची वेळ लिहा आणि पुढचं जेवण खात्रीने कधी मिळेल ती वेळ लिहा. ‘खात्रीने’ हा शब्द मनावर घ्या. मध्यरात्री पोहोचणाऱ्या गाडीसाठी कुठलं दुकान उघडं असेल यावर भरवसा ठेवू नये. अंतर चार तासांच्या आत असेल तर पाणी पुरे. चार ते आठ तासांना एकदा खायचा खाऊ लागतो, त्याहून जास्त असेल तर दोनदा खायचा. उशीर होईल असं धरून प्रत्येक प्रवासाच्या दिवशी एक पुडी जादा ठेवा.

हवामानाचा अंदाज पाहताना तापमानाबरोबर आर्द्रताही पाहा. दमट हवेत, थंडी नसली तरी, सुती कपडा दोन-दोन दिवस ओलसर राहतो. अशा ठिकाणी जाणार असाल तर धुण्याचं अंतर एक दिवसाने वाढवून धरा.

दुसरी पायरी: कपाट उघडा

दुकानात जाण्याआधी पलंगावर तुमचे नेहमीचे, सवयीचे कपडे पसरा. नवा कपडा प्रवासात पहिल्यांदा घालणं मला पटत नाही. कुठे काचतो, कुठे वर सरकतो, घाम आल्यावर कसा वागतो, हे आपल्याला जुन्याच कपड्याबद्दल माहीत असतं. आधी त्यांतून जमेल तेवढं काढा.

रंगांचा मेळ इथेच बसवा. खालचे दोन्ही कपडे एकाच कुळातल्या, शांत रंगाचे ठेवा. वरचा प्रत्येक शर्ट त्या दोन्हींवर शोभला पाहिजे. चार शर्ट आणि दोन पँटमधून आठ जोड्या तयार होतात, पण एकही शर्ट एकाच पँटवर जाणारा असला की हा हिशेब कोलमडतो. पँटला मळखाऊ रंग हवा. वरच्या कपड्यांत एखादा ठसठशीत रंग जरूर असू द्या. प्रवासातले फोटो आयुष्यभर राहतात आणि आपल्या आवडीचा रंग अंगावर असला की थकलेल्या दिवशीही बरं वाटतं.

आता पहिल्या पायरीचा आकडा आणि पलंगावरचे कपडे यांची तुलना करा. जे कमी पडतं तेवढीच तुमची खरेदीची यादी. ती बहुतेकदा तीन-चार वस्तूंपलीकडे जात नाही.

तिसरी पायरी: दुकानात आधी आतलं लेबल, मग बाहेरचा रंग

या पायरीवर मी जरा रेंगाळणार आहे. कापड ओळखता येणं ही एकदाच शिकायची गोष्ट आहे आणि ती पुढे प्रत्येक खरेदीत कामाला येते.

कपड्याच्या आतल्या शिवणीला एक छोटी पट्टी असते. तिच्यावर धाग्यांची टक्केवारी आणि धुण्याच्या खुणा असतात. टक्केवारी वाचली की कपडा किती घाम पिणार आणि किती वेळात वाळणार याचा अंदाज बांधता येतो. वस्त्रोद्योगात धाग्याची ओलावा धरण्याची ताकद २० अंश सेल्सियस तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेत मोजतात. त्या हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरतो आणि लोकर १६ टक्क्यांच्या आसपास. नायलॉन ४ टक्क्यांवर थांबतं, पॉलिएस्टर तर अर्ध्या टक्क्याच्याही खाली राहतं. सुती कपडा अंगाला मऊ आणि गार वाटतो पण भिजला की लवकर वाळत नाही, पॉलिएस्टर लवकर वाळतं पण गरम हवेत चिकटतं, या दोन्हींची मुळं या आकड्यांत आहेत.

पॉलिएस्टरची आणखी एक खोड म्हणजे ते शरीरातून निघणारं तेल धरून ठेवतं, त्यामुळे घामाचा वास त्याला जास्त लागतो. एकदा घालून लगेच धुणार असाल तर ते उत्तम. दोन दिवस घालायचं असेल तर नको. बारीक धाग्याची मेरिनो लोकर मात्र दोन-तीन दिवस घातली तरी वास धरत नाही, म्हणून धुण्याचं अंतर मोठं असेल तेव्हा ती महाग असूनही परवडते. लोकर टोचते ही तक्रार जाड धाग्याची असते. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतू त्वचेला टोचतात, आणि मेरिनो त्याहून बरीच बारीक असते. लिननला चुण्या पडतात हे खरं, पण ते हवेशीर असतं आणि चटकन वाळतं. व्हिस्कोजचं उलट आहे. ते सुंदर झुळझुळतं पण ओलं असताना कमजोर होतं, म्हणून ते कधी पिळू नये. प्रवासात हातानेच धुवायचं असल्यामुळे मी व्हिस्कोज शक्यतो घरी ठेवा म्हणेन.

नवख्या माणसाला एकच सल्ला द्यायचा झाला तर वरच्या कपड्यांना कापूस आणि पॉलिएस्टरचं मिश्रण घ्या. पँटला कापूस किंवा नायलॉन, आणि त्यात दोन ते पाच टक्के इलास्टेन, म्हणजे रबरासारखा ताणला जाणारा धागा. एवढ्या इलास्टेनने बसता-उठताना ताण येत नाही.

कापडाचं वजनही पाहा. काही लेबलांवर जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. टी-शर्ट १४० ते १६० चा असला तर हलका आणि लवकर वाळणारा समजा. २०० च्या पुढचा जाड असतो आणि रात्रभरात वाळेलच असं नाही. जीन्स या हिशेबात बसत नाही. ती जड असते, आणि तिचा कमरेचा भाग व खिसे वाळता वाळत नाहीत. आवडतच असेल तर एक अंगावर घालून निघा, बॅगेत दुसरी नको.

लेबल नसेल किंवा वाचता येत नसेल तर हाताने पारख करा. कापडाचा कोपरा मुठीत दहा सेकंद आवळून धरा आणि सोडा. चुण्या लगेच विरल्या तर बॅगेतून काढल्यावरही तो कपडा घालण्याजोगा निघेल. कापड उजेडासमोर धरा, विणीत विरळ पट्टे दिसले तर ते लवकर फाटतं. शिवण दोन्ही हातांनी हलकेच ताणा. टाक्यांमधून पलीकडचं दिसायला लागलं तर तो कपडा परत ठेवा. झिप तीन-चार वेळा खालीवर करून बघा, आणि बटणं पक्की आहेत का तेही.

थंडीच्या ठिकाणी जाणारे बहुतेक जण एक भलंमोठं जॅकेट घेतात. त्याऐवजी पातळ थर घ्या: अंगालगत घाम शोषणारा थर, त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा, सगळ्यांत वर वारा-पाऊस अडवणारा. ऊब थरांच्या मधल्या हवेची असते आणि थर चढवता-उतरवता येतात. पिसं भरलेलं जॅकेट वजनाला हलकं आणि खूप उबदार असतं, पण भिजलं की पिसं गोळा होतात आणि ऊब जाते, म्हणून पावसाळी थंडीत त्यावर पाणी अडवणारा थर हवाच. पावसाचं जॅकेट घेताना कापडाइतकीच शिवण पाहा. आतून शिवणीवर पट्टी चिकटवलेली नसेल तर टाक्यांच्या भोकांतून पाणी आत येतं.

कडक उन्हासाठी पूर्ण बाहीचा, घट्ट विणीचा पण अंगाला सैल शर्ट सगळ्यात चांगला. काही कपड्यांवर यूपीएफ ५० असं लिहितात. याचा अर्थ असा की अतिनील किरणांचा पन्नासावा हिस्सा, म्हणजे दोन टक्केच, कापडातून पलीकडे जातो.

चौथी पायरी: ट्रायल रूममध्ये उभं राहू नका, बसा

आरशासमोर ताठ उभं राहिलं की बहुतेक कपडे शोभतात. प्रवासात मात्र आपण बसलेले, वाकलेले किंवा हात वर करून बॅग उचलत असतो. म्हणून तिथल्या स्टुलावर दोन मिनिटं बसा. कंबर काचते का, गुडघ्यामागे कापड गोळा होतं का, हे बघा. दोन्ही हात डोक्यावर नेऊन शर्ट किती वर जातो ते पाहा. उकिडवे बसा, बुटाची नाडी बांधल्यासारखे वाका. खिशात स्वतःचा फोन ठेवून बसा, म्हणजे खिसा उथळ आहे का ते तिथल्या तिथे कळेल.

कमरेच्या बाबतीत थोडी सैलाई मुद्दाम सोडा, विशेषतः विमानप्रवास असेल तर. उडत्या विमानातला हवेचा दाब समुद्रसपाटीपासून १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढाच ठेवलेला असतो. त्यामुळे पोटातला वायू पाव ते एक-तृतीयांश प्रसरण पावतो. चिप्सचं पाकीट विमानात टम्म फुगतं त्याचं कारण तेच. जमिनीवर जेमतेम लागणारं बटण तिथे पोटात रुततं. शिवाय चार तासांहून जास्त एका जागी बसून राहिलं तर पायांच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. अशा वेळी मांडीशी किंवा गुडघ्याशी आवळणारे कपडे नकोतच. मधूनमधून उठून चालणं हा त्यावरचा साधा उपाय आहे, आणि ज्यांना आधीपासून असा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांशी बोलूनच निघावं.

ऑनलाइन घेणार असाल तर छापील साइजवर विसंबू नका, कारण प्रत्येक कंपनीचं माप वेगळं. तुम्हाला नीट बसणारा एक कपडा सपाट अंथरून छाती, खांदा, लांबी टेपने मोजा आणि संकेतस्थळावरच्या तक्त्याशी ताडून बघा. तक्त्यातली मापं शरीराची आहेत की कपड्याची, हे आधी वाचा. परत करायची मुदत आणि तुमची निघायची तारीख यांच्यात बदलून घेण्याइतके दिवस हवेत.

बूट-चपला संध्याकाळी घ्या. दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि प्रवासात तर जास्तच. प्रवासात घालणार तेच मोजे घालून मापा. सगळ्यात लांब बोटापुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा राहिली पाहिजे. नवे बूट निघण्याआधी किमान दोन आठवडे रोज थोडा वेळ घालून रुळवा. यात घाई चालत नाही. टाचेला आलेला एक फोड सगळ्या भटकंतीचा आनंद हिरावून घेतो.

पाचवी पायरी: निघण्याआधी एकदा धुवा

नवा कपडा एकदा धुऊनच बॅगेत जावा. रंग जात असेल तर तो घरी कळलेला बरा. सुती विणलेले कपडे पहिल्या धुण्यात थोडे आटतात, तेही इथेच समजतं. चुण्या न पडणाऱ्या काही कपड्यांवर फॉर्माल्डिहाइड असलेल्या रेझिनची प्रक्रिया केलेली असते. नाजूक त्वचेला त्याने खाज येऊ शकते, आणि एका धुण्याने बराच फरक पडतो.

धुताना पट्टीवरच्या खुणा बघून घ्या. टबची खूण धुण्याची, त्रिकोण ब्लीचचा, चौकोन वाळवण्याचा, वर्तुळ ड्रायक्लीनचं. कुठल्याही खुणेवर फुली असेल तर ती गोष्ट करायची नाही. टबमध्ये हात दाखवलेला असेल तर फक्त हाताने धुवा. ज्या कपड्यावर टबवरच फुली आहे, तो प्रवासाचा कपडा नव्हे.

सहावी पायरी: खाऊ निवडा

जुन्या गोष्टींतले प्रवासी तहानलाडू-भूकलाडू बांधून घेऊनच घराबाहेर पडत. आपल्यालाही तेच करायचं आहे, फक्त वाटेवरच्या झगमगीत पाकिटांशी टक्कर देऊ शकेल असं काहीतरी.

प्रवासातली भूक फसवी असते. कंटाळा, जागरण, कोरडा घसा, सगळं भुकेसारखंच वाटतं. म्हणून आधी पाणी प्या आणि दहा मिनिटं थांबा. तरीही भूक उरली तर ती खरी समजा, आणि खरी भूक बिस्किटांनी भागत नाही. पोट टिकून राहायला प्रथिनं आणि तंतू (फायबर) असलेला खाऊ लागतो. साखर आणि मैदा भरभर पचतात आणि थोड्याच वेळात पुन्हा काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतं.

भाजलेले शेंगदाणे माझ्या यादीत सगळ्यात वर आहेत. स्वस्त, टिकाऊ, कुठेही मिळणारे, आणि १०० ग्रॅममध्ये सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं देणारे. बदामात प्रथिनं सुमारे २१ ग्रॅम आणि तंतू १२ ग्रॅम असतात. पण दोन्हींतून १०० ग्रॅममागे ५५० हून जास्त किलोकॅलरी मिळतात, त्यामुळे पाकीट उघडून हात घालत राहिलं तर पाहता पाहता एका जेवणाइतकं खाल्लं जातं. एका वेळेला ३० ग्रॅम, म्हणजे एक लहान मूठ पुरे. भाजलेले चणे याच कामाला येतात आणि त्यांत चरबी बरीच कमी असते. खजूर आणि बेदाणे चविष्ट आहेत, पण त्यांच्या वजनाचा अर्ध्याहून जास्त भाग साखरेचा असतो, म्हणून दोन-तीन खजूर दाण्यांबरोबर खा, नुसते नको. तेलाशिवाय फुलवलेले पॉपकॉर्न मात्र मनसोक्त खाता येतात. वाटीभर पॉपकॉर्न जेमतेम आठ ग्रॅम भरतात आणि त्यात ३० च्या आसपास किलोकॅलरी असतात. ज्यांना खिडकीबाहेर बघत सतत काहीतरी चघळायला लागतं, त्यांनी हेच घ्यावं.

ताज्या फळांत सफरचंद सगळ्यात सोयीचं. चेपत नाही, गळत नाही, पोटाला आधार देतं. केळं पौष्टिक असलं तरी बॅगेच्या तळाशी गेलं की त्याचा लगदा होतो. ते हातातल्या पिशवीत ठेवा आणि सगळ्यात आधी संपवा. गाजर आणि काकडी अख्खी न्या, हवी तेव्हा मोडून खा.

पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे किंवा बदाम देऊ नका, घशात अडकतात. त्यांना दाण्याचं लोणी पोळीला किंवा ब्रेडला लावून द्या. गाडी किंवा बोट लागत असेल तर निघण्याआधी तेलकट आणि तिखट टाळा. अगदी रिकाम्या पोटीही निघू नका, कोरडं आणि हलकं काही खा. आल्याचा तुकडा चघळल्याने काहींना आराम पडतो. आणि बंद डब्यात शेजारी बसलेल्याला दाण्यांची ॲलर्जी असू शकते. कुणी तसं सांगितलं तर पुडी आनंदाने बंद करून ठेवावी.

सातवी पायरी: पाकिटाची मागची बाजू वाचा

विकतचं घेणार असाल तर पाकीट आधी उलटं करा. घटक पदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या तिनांत साखर, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज किंवा माल्टोज दिसलं तर पुढच्या बाजूला धान्याचं कितीही सुंदर चित्र असलं तरी ते गोडाचंच पाकीट आहे. ‘मल्टिग्रेन’ म्हणजे अनेक धान्यं, अख्खी धान्यं असा त्याचा अर्थ नाही. ‘साखर घातलेली नाही’ असं लिहिलेल्या पाकिटात फळांचा आटवलेला रस असू शकतो.

तुलना नेहमी १०० ग्रॅमच्या रकान्यात करा. एका सर्व्हिंगचा आकडा कंपनी आपल्या सोयीने लहान ठरवू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर, मध आणि फळांचे रस यांतून येणारी साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत असेल तर अधिक चांगलं. २००० किलोकॅलरीच्या आहारात हे अनुक्रमे ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम होतात. आता ६० ग्रॅमचा एखादा बार घ्या, ज्यात ३० टक्के साखर घातलेली आहे. त्यातून १८ ग्रॅम साखर एकदम पोटात जाते. मिठाची मर्यादा प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत सांगितली आहे. पाकिटावर मिठाऐवजी सोडियम लिहिलेलं असेल तर त्या आकड्याला अडीचने गुणा, म्हणजे मीठ किती ते कळेल. खारवलेल्या दाण्यांपेक्षा साधे भाजलेले दाणे घ्या असं मी सांगते ते यासाठीच, शिवाय खारटामुळे तहान वाढते.

आठवी पायरी: काय किती वेळ टिकतं

कोरडं टिकतं, ओलं नासतं, कारण जिवाणूंना वाढायला पाणी लागतं. शिजवलेलं अन्न साध्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, गार ठेवायचं तर ५ अंशांच्या खाली आणि गरम ठेवायचं तर ६० अंशांच्या वर, हा नियम जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. बाहेर ३२ अंशांहून जास्त गरम असेल तर दोन तासांऐवजी एकच तास धरा. कापलेली फळं, उकडलेली अंडी, दही, सगळं यात आलं. शिजवलेल्या भाताबद्दल जास्त काळजी घ्या. त्यातल्या बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवण्याने मरत नाहीत, आणि भात कोमट राहिला की ते वाढून विष तयार करतात. पुन्हा गरम केल्यानेही ते विष जात नाही. म्हणून ओला खाऊ पहिल्या टप्प्यातच संपवा, कोरडा पुढे ठेवा.

विमानाने जाणार असाल तर दोन गोष्टी आणखी. २००६ पासून बऱ्याच विमानतळांवर हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरहून मोठ्या डब्यात द्रव नेता येत नाही, आणि दही किंवा दाण्याचं लोणीही द्रवातच मोजलं जातं. नव्या यंत्रांमुळे काही ठिकाणी हा नियम सैल झाला आहे, तेव्हा तुमच्या विमानतळाचा नियम निघण्याआधी बघा. बाटली रिकामी नेऊन आत भरून घ्या. केबिनमधली हवा फार कोरडी असते. दुसरी गोष्ट सीमेची. ताजी फळं, बिया, मांस यांवर अनेक देशांत बंदी असते, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड तर याबाबत फारच कडक आहेत. उरलेलं उतरण्याआधी खाऊन टाका, नाहीतर त्या देशात उतरताना भरायच्या अर्जावर न लपवता लिहा.

खाऊ बांधताना एक मोठा डबा नको. एका वेळेचा खाऊ एका पुडीत बांधा आणि पहिल्या पायरीच्या कागदावर जितक्या वेळा येतील तितक्या पुड्या करा. त्या दिवसाची पुडी वरच्या कप्प्यात, बाकीच्या खाली.

नववी पायरी: मुक्कामावर

पोहोचल्यावर आधी धुणं, मग आराम, हा क्रम अंगवळणी पाडा. संध्याकाळी सातला वाळत घातलेला शर्ट आणि रात्री अकराला वाळत घातलेला शर्ट यांत सकाळी फार फरक असतो. धुतल्यावर कपडा जोरात पिळू नका. कोरडा टॉवेल अंथरा, त्यावर कपडा पसरा, दोन्ही मिळून घट्ट गुंडाळा आणि ती वळकटी दाबा. टॉवेल बरंचसं पाणी ओढून घेतो आणि वाळण्याचा वेळ खूपच कमी होतो. मग पंख्याखाली, भिंतीपासून लांब, हँगरला अडकवा. मोजे बोटांच्या बाजूने टांगा, म्हणजे इलास्टिक ताणलं जात नाही.

पुड्या संपल्या असतील तर जवळच्या बाजारातून फळं आणि दाणे घेऊन त्याच संध्याकाळी नव्या बांधा. परतीच्या दिवसासाठी एक स्वच्छ जोड आणि दोन पुड्या पहिल्याच मुक्कामावर वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा, आणि परतीची गाडी किंवा विमान प्रत्यक्ष सुटेपर्यंत त्या पिशवीला हात लावू नका.